बाविसाव्या दिवसाचं कुणी बोलत नाही

मंडळी, आजचा विषय जरा वासाचा आहे. जेवता जेवता वाचायची सवय असेल तर आधी जेवून घ्या. उबवायला ठेवलेली पण न फुटलेली अंडी कोंबड्यांना परत खाऊ घालावीत की नाही, घालावीत तर कोणती आणि कशी, असा हा विषय आहे. हसू नका. ज्यांच्या परसात दहा-वीस कोंबड्या आहेत त्यांच्यासाठी हा हसण्यावारी नेण्याचा प्रश्न नाही. ज्यांच्याकडे कोंबड्या नाहीत त्यांनीही वाचायला हरकत नाही, कारण ही अंडी शेवटी ज्या नालीत जातात ती नाली सगळ्यांच्याच दारावरून वाहते.

कोंबडीचं अंडं एकवीस दिवसांत फुटतं, हे शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. बाविसाव्या दिवशी काय करायचं, हे मात्र कुणीच सांगत नाही. माझं भांडण आहे ते या बाविसाव्या दिवसाशी.

आमचं हिमायतनगर म्हणजे जुनं वाढोणा. परमेश्वराचं देऊळ, मुदखेड-आदिलाबाद मार्गावरचं रेल्वे स्टेशन, जवळून वाहणारी पैनगंगा, आणि शेतात कापूस, सोयाबीन, हळद. इथल्या घरांत कोंबडी पाळणं हा धंदा कमी आणि बाईच्या हातातला पैसा जास्त. सोयाबीनचा पैसा घरधन्याच्या खात्यावर जातो. अंड्याचा पैसा डब्यात जातो, आणि त्यातून पोरांच्या वह्या, दवाखान्याची फी, लग्नातला आहेर निघतो. एका खुराड्यात मर आली की काय बुडतं, हे लक्षात यावं म्हणून हे सांगितलं.

पूर्वी हे सगळं खुडूक कोंबडीच्या भरवशावर चालायचं. डालग्यात भुसा टाकायचा, दहा-बारा अंडी ठेवायची, वर खुडूक बसवायची. नऊ-दहा पिलं निघायची आणि दोन-तीन अंडी उरायची. ती उकिरड्यावर जायची. आता घरोघरी मशीन आलं आहे. कुणी विकत आणतं, कुणी थर्माकोलच्या खोक्यात बल्ब, छोटा पंखा आणि थर्मोस्टॅट बसवून घरीच करतं. त्यात पन्नास, शंभर अंडी एका वेळी बसतात. चांगली गोष्ट आहे, माझा मशीनला अजिबात विरोध नाही. पण हिशेब करा. शंभरातली पंचाहत्तर फुटली तरी घरचा माणूस खूश होतो. म्हणजे पंचवीस उरली. पूर्वी उरायची तीन, आता उरतात पंचवीस, आणि त्यांची विल्हेवाट मात्र आजीच्या काळचीच! इथेच सगळी गडबड आहे.

या पंचवीस अंड्यांचं लोक काय करतात? मी पाहिलेले चार प्रकार सांगतो. पहिला, उकिरड्यावर किंवा नालीत फेकणे. मग कुत्री, कावळे, माश्या, आणि शेवटी आपल्याच कोंबड्या ती उकरून खातात. दुसरा, अंगणात आपटून फोडायची आणि कच्चीच कोंबड्यांपुढे टाकायची. तिसरा, सगळी एकजात उकडायची आणि टाकायची, मग त्यात कुजलेलं असो की अर्धं पिलू असो. चौथा प्रकार सगळ्यात वाईट. सातव्या-आठव्या दिवशी कोरी निघालेली अंडी पुसून परत टोपलीत ठेवायची आणि ‘ताजी गावरान’ म्हणून गिऱ्हाइकाला द्यायची. गावरान अंड्याला भाव चांगला मिळतो, त्यामुळे मोह होतो हे मला कळतं. पण आठवडाभर मशीनच्या ऊबेत ठेवलेलं अंडं ताजं म्हणून विकणं याला आमच्याकडे फसवणूक म्हणतात, दुसरा शब्द नाही.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो आणि मग भांडायला घेतो. अंडं का फुटलं नाही हे कळल्याशिवाय ते कुणाच्याही तोंडात घालू नका, कोंबडीच्यासुद्धा.

आमच्या गल्लीत एक आक्का आहेत. त्यांना मी हे सांगायला गेलो तर म्हणाल्या, “आम्ही जलमभर तसंच टाकत आलाव बाबा. काय होत नसतंय.” मी म्हणालो, “आक्का, आजवर तुमच्या किती कोंबड्या मेल्या?” त्या म्हणाल्या, “मेलेल्या कोण मोजतंय?”

बास. सगळा वाद या एका उत्तरात आला. ‘काही होत नाही’ असं आपण म्हणतो कारण आपण मोजतच नाही. दरवर्षी गावात कोंबड्या मरतात. कधी ती मानमोडी असते, कधी पांढरी हगवण असते, कधी आणखी काही. आपल्या लेखी सगळीच ‘मर’. पिलांच्या शेपटीखाली पांढरं चिकटलेलं असतं, ती पंख पाडून बल्बाखाली गोळा होतात, दोन-तीन आठवड्यांत निम्मी जातात, आणि आपण म्हणतो वारं लागलं. मेलेलं पिलू तपासायला दवाखान्यात नेलेलं मी तरी आमच्या गल्लीत पाहिलेलं नाही. मग काही होतं की नाही हे ठरवलं कुणी?

आता मुद्द्याचं बोलतो. उरलेलं अंडं हे साधं अंडं नसतं. शंभर अंड्यांतून डोळे मिटून उचललेली पंचवीस आणि शंभरातून न फुटता उरलेली पंचवीस यांत फरक आहे. पहिली पंचवीस कशीही असतील. दुसऱ्या पंचवीसांत मात्र काहीतरी बिनसलेलं आहे म्हणूनच ती उरली आहेत. कशात कोंबडा कमी पडला, कशात लाइट गेल्यामुळे पिलू मेलं, कशाला कवचाला तडा होता, आणि कशात कोंबडीच्याच पोटातून रोग आला होता. म्हणजे ज्या अंड्यात रोग असायची शक्यता जास्त, नेमकी तीच अंडी आपण चाळणी लावल्यासारखी वेगळी काढतो आणि नेमकी तीच परत कळपाला चारतो. यापेक्षा रोग फिरवायची सोपी युक्ती शत्रूलाही सुचणार नाही.

पांढऱ्या हगवणीचंच घ्या. हा रोग करणारा जंतू साल्मोनेलाच्या घराण्यातला, नाव पुलोरम. तो कोंबडीच्या अंडाशयात घर करून राहतो. कोंबडी वरून ठणठणीत दिसते, अंडी देते, आणि काही अंड्यांच्या बलकात हा पाहुणा बसलेला असतो. त्यातली काही पिलं अंड्यातच मरतात, काही बाहेर येऊन मरतात आणि सोबतच्यांना लावून जातात. जी वाचतात ती मोठी होऊन पुन्हा तशीच अंडी घालतात. चक्र चालू. अमेरिकेत लिओ रेटगर नावाच्या जंतुशास्त्रज्ञाने १९०० साली या रोगाचा जंतू दाखवला. पुढे १९१६ मध्ये त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अशी जंतूवाली अंडी जनावरांना खाऊ घालून पाहिली. पिलंच नव्हे तर मोठ्या कोंबड्या, सशाची आणि मांजराची पिल्लंही त्याने आजारी पडू शकतात, असं त्यांना दिसलं. त्यांनी आणखी एक गोष्ट लिहून ठेवली. अंडं अर्धवट उकडलं किंवा एकाच बाजूने तळलं तर बलकातले जंतू मरतीलच याचा भरवसा नाही. शंभर वर्षांहून जुनी गोष्ट आहे ही! अमेरिकेने १९३५ मध्ये देशपातळीवर योजना सुरू केली, रक्त तपासून रोगी कोंबड्या कळपातून काढल्या आणि व्यावसायिक कळपांतून हा रोग जवळजवळ हद्दपार केला. आणि आपण अजून अंगणात अंडं आपटतोय.

आता मशीन यात काय भर घालतं ते बघा. अंड्याच्या पांढऱ्यात जंतूंना आवर घालणारी द्रव्यं असतात, म्हणून तर अंडं बरेच दिवस टिकतं. पण मशीनचं तापमान असतं साडेसदतीस अंश. ते पिलाला जितकं मानवतं तितकंच साल्मोनेलालाही मानवतं. सोयीची जागा मिळाली तर हा जंतू अर्ध्या तासाच्या आत दुप्पट होतो. त्यात दिवस जातील तसं बलकाभोवतीचं पातळ आवरण सैल होतं आणि पांढऱ्याची राखण कमी पडते. म्हणजे एकवीस दिवस आपण पिलाबरोबर जंतूंनाही ऊब देत असतो. जिवंत पिलू बाहेर पडतं. मेलेलं अंडं मात्र त्याच ऊबेत दिवसचे दिवस कुजत पडतं. मशीनमध्ये कधी अंडं फटकन फुटून वास सुटलेला ज्यांनी घेतला आहे, त्यांना आणखी समजावून सांगायची गरज नाही.

“मग सगळीच फेकून द्या ना, कशाला ही कटकट?” असं शिकलेली मंडळी म्हणतात. त्यांचे दोन आक्षेप असतात. एक म्हणजे शी, कोंबडीला कोंबडीचंच अंडं! दुसरा म्हणजे इंग्लंडमधल्या वेड्या गाईंचा. गाईंना गाईंच्याच हाडामांसाची भुकटी चारली म्हणून तो रोग पसरला, मग हे तेच नाही का?

नाही, हे ते नाही. वेड्या गाईंचा रोग १९८६ मध्ये ओळखला गेला. तो पसरवणारं प्रथिन मुख्यतः मेंदू आणि मज्जारज्जूत असतं आणि ते उष्णतेलाही दाद देत नाही. कोऱ्या अंड्यात ना मेंदू असतो ना मज्जा, आणि कोंबड्यांमध्ये तसा रोग नैसर्गिकरीत्या आढळलेला नाही. त्यानंतर युरोपने एका जातीच्या जनावराची भुकटी त्याच जातीला चारायला बंदी घातली, पण त्या भुकटीच्या व्याख्येतून अंडी आणि अंड्यांचे पदार्थ वगळले. राहता राहिली शी. अहो, पिलू अंड्यातून बाहेर येण्याआधी उरलेला बलक पोटात ओढून घेतं आणि पहिले दोन-तीन दिवस त्याच्यावरच काढतं. म्हणून तर नुकतं फुटलेलं पिलू उपाशीपोटी परगावी पाठवता येतं. कोंबडीच्या आयुष्यातलं पहिलं जेवणच अंडं आहे. फिलिपिन्समध्ये तर चौदा ते अठरा दिवस उबवलेलं बदकाचं अंडं माणसं आवडीने खातात, बालुत म्हणतात त्याला. लक्षात घ्या, त्यात पिलू उकडायच्या वेळेपर्यंत जिवंत असतं. मेलेलं, कुजलेलं तेही खात नाहीत. घाण कुठली आणि अन्न कुठलं याची रेघ जातीवर नाही, कुजण्यावर मारायची असते.

आणि सगळीच फेकायला आमची ऐपत नाही, हेही स्पष्ट सांगतो. गावरान अंडं लहान असतं, तरी एकात पाच-सहा ग्रॅम चांगल्या प्रतीचं प्रथिन असतं. कवच म्हणजे जवळजवळ सगळा चुनाच. ज्वारीच्या कण्या, भाताचा कोंडा आणि उकिरड्यावरचे किडे यांवर जगणाऱ्या कोंबडीला नेमक्या याच दोन गोष्टी कमी पडतात. त्या कमी पडल्या की कवच पातळ होतं, अंडी घटतात आणि कोंबडी स्वतःचं अंडं फोडून खायला लागते. बाजारचं खाद्य विकत आणायचं म्हणजे डब्यातला पैसा पुन्हा दुकानात. अशा घरात पंचवीसपैकी बारा-तेरा अंडी खायला योग्य असतील तर ती नालीत टाकणं हा माज आहे. मला दोन्ही बाजूंशी भांडायचंय ते यासाठीच. एक बाजू सगळं चारते, दुसरी सगळं फेकते, आणि अंडं उजेडात धरून बघायचे कष्ट दोघीही घेत नाहीत.

बघायचं कसं? काही अवघड नाही. सातव्या रात्री खोलीत अंधार करा आणि मोबाइलच्या बॅटरीवर अंड्याचा जाड भाग टेकवा. आपल्या गावरान अंड्याचं कवच फिकट असतं, त्यामुळे आतलं छान दिसतं. तीन प्रकार दिसतील.

एक, कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा आणि मधे हलणारा ठिपका. हे जिवंत आहे, परत मशीनमध्ये ठेवा. दोन, आत लाल रक्ताचं कडं, बांगडीसारखं. पिलू तीन-चार दिवसांचं असताना मेलं. हे बाद. तीन, आत काहीच नाही, फक्त बलकाची पुसट सावली, काचेसारखं लख्ख. हे कोरं. यात जीव धरलाच नाही.

खायला घालण्याच्या लायकीचं आहे ते फक्त हे तिसरं, आणि तेही सातव्या-आठव्या दिवशी बाहेर काढलेलं. एकवीस दिवस मशीनमध्ये राहून शेवटी कोरं निघालेलंही मी घालत नाही. इतके दिवस त्या ऊबेत काय काय वाढलं हे बॅटरीत दिसत नाही. अठराव्या दिवशी पुन्हा एकदा पाहावं, आणि त्यानंतर जे मेलेलं, गढूळ, वासाचं, चिरलेलं किंवा पाझरलेलं निघेल ते सरळ खड्ड्यात. बाविसाव्या दिवशी न फुटता उरलेलं तर नक्कीच.

काही जण अंडं पाण्यात टाकून पाहायला सांगतात. तरंगलं तर खराब. ताज्या अंड्याला हे ठीक आहे, उबवलेल्याला नाही. उबवताना अंड्यातलं पाणी कवचातून उडत असतं, अठरा दिवसांत त्याचं वजन दहा-बारा टक्क्यांनी उतरतं आणि आतली हवेची पोकळी मोठी होते. म्हणजे चांगलं जिवंत अंडंही तरंगणार. पाणी इथे खोटी साक्ष देतं.

आमच्या भागाची एक खास अडचण आहे. कोरं दिसणारं प्रत्येक अंडं खरंच कोरं नसतं. मे महिन्यात इथे पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो. अंड्यातला जीव वाढायला चोवीस-पंचवीस अंशांच्या आसपासच सुरुवात होते, आणि पत्र्याच्या खोलीत टोपलीत ठेवलेलं अंडं मशीनमध्ये जायच्या आधीच थोडं वाढून मरून गेलेलं असतं. बॅटरीत ते कोरंच दिसतं. म्हणून कोरं आहे असं समजून कच्चं टाकायचं नाही. उन्हाळ्यात अंडी माठाशेजारी गार जागी ठेवावीत, आठवड्याच्या आत बसवावीत, आणि तरी शंका आली तर अंडं फोडून पाहावं. वास आला किंवा रंग बदललेला दिसला की खड्डा.

आता उकडणं. स्वयंपाकाचं भांडं घ्यायचं नाही, जुनं पातेलं वेगळं ठेवायचं. अंडी गार पाण्यात ठेवून चुलीवर चढवायची आणि पाण्याला चांगली उकळी फुटल्यावर पुढे पंधरा मिनिटं उकळू द्यायची. बलक मधोमध भुसभुशीत, पिठूळ झाला पाहिजे. मऊ राहिला तर काम झालं नाही, रेटगरची गोष्ट आठवा. उकडण्याचा आणखी एक फायदा आहे. कच्च्या पांढऱ्यात एक द्रव्य असतं, ते बायोटिन नावाचं जीवनसत्त्व अडवून धरतं. उकडल्यावर त्याचा जोर जातो. मग गार झालेलं अंडं कवचासकट पाट्यावर किंवा खलात बारीक ठेचायचं, इतकं बारीक की ते अंडं होतं हे ओळखू येऊ नये. कण्यांत किंवा मक्याच्या भरड्यात कालवायचं आणि पुढे ठेवायचं.

“असं अंडं चारलं की कोंबडीला चटक लागते, मग ती घरट्यातली अंडी फोडते,” हा आक्षेप मी शंभरदा ऐकलाय. तो खोटा नाही, अर्धा खरा आहे. अख्खं किंवा अर्धं कापलेलं अंडं पुढे टाकलं तर कोंबडी आकार ओळखायला शिकते. कच्चं फोडून टाकलं तर आणखी लवकर शिकते. बारीक ठेचून कालवलेल्या खाद्याला अंड्याचा आकारच नसतो. उलट चुना आणि प्रथिन पोटात गेलं की अंडं फोडण्याचं एक मोठं कारण कमी होतं.

किती घालायचं? चार कोंबड्यांत एक अंडं, आठवड्यातून एक-दोनदा. कोंबडी दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम खाते, त्यात अंड्याचा वाटा दहावा हिस्सा पुरे. आमच्या हवेत ठेचलेलं अंडं तासाभरात खराब व्हायला लागतं, म्हणून उरलेलं लगेच उचलायचं. हात साबणाने धुवायचे, आणि हे काम लहान पोरांवर सोपवायचं नाही. साल्मोनेला माणूस आणि कोंबडी असा भेद करत नाही.

अंडी फक्त आपल्याच खुराड्यातली. दुसऱ्याकडून आणलेली नकोत, त्याच्याकडचा रोग आपल्याकडे कशाला. मोठ्या उबवणी केंद्रातून आणलेली तर नकोतच. तिथे अंड्यांना फॉर्मलिन आणि पोटॅशियम परमँगनेटची धुरी देतात. उबवण्यासाठी ते बरोबर आहे, खाण्यासाठी नाही. आणि खुराड्यात किंवा गावात मर चालू असेल तर सगळे नियम बाजूला. एकही अंडं चारायचं नाही, सगळी खड्ड्यात.

खड्डा म्हणजे खरोखरचा खड्डा. दोन-तीन फूट खोल, विहीर-बोअरपासून लांब, अंड्यांवर चुना आणि वर दाबलेली माती, कुत्र्याला उकरता येणार नाही अशी. उकिरडा म्हणजे खड्डा नव्हे आणि नाली तर नव्हेच. फेब्रुवारी २००६ मध्ये देशात पहिल्यांदा बर्ड फ्लू आला तो आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला. जानेवारी २०२१ मध्ये तो परभणीजवळच्या मुरुंब्यात आला, शेकडो कोंबड्या मेल्या. जानेवारी २०२५ मध्ये उदगीर शहरात कावळे मरून पडले, तपासणीत तोच रोग निघाला. हा विषाणू रोगी कोंबडीच्या अंड्याच्या कवचावर आणि आतही सापडतो. तो उरलेल्या अंड्यांतूनच पसरला असं मी म्हणत नाही, तसं म्हणायला माझ्याकडे काही आधार नाही. मी एवढंच म्हणतो की कावळा, कुत्रा, नाली आणि खुराडं यांचं जे जाळं आपण रोज अंडी फेकून विणतो, ते कुठल्याही रोगाला आयतंच मिळतं.

आता ज्यांच्यावर माझा खरा राग आहे त्यांच्याकडे येतो. आक्कांवर माझा राग नाही. त्यांना कुणी सांगितलंच नाही. राग आहे तो सांगायला बसलेल्यांवर. मी एका प्रशिक्षणाला गेलो होतो, कुठल्या ते जाऊ द्या. दोन दिवस तापमान, आर्द्रता, अंडी फिरवणं, लसीकरण, कर्ज, अनुदान, सगळं झालं. शेवटी मी विचारलं, “साहेब, न फुटलेल्या अंड्यांचं काय करायचं?” साहेब हसले. म्हणाले, “टाका की कोंबड्यांपुढे. प्रोटीन असतंय.” सभागृहही हसलं आणि चहा आला. मशीन विकणाऱ्यांची तऱ्हा तीच. त्यांच्या व्हिडिओत पिवळी गोंडस पिलं टुणटुणत बाहेर येतात, ‘नव्वद टक्के रिझल्ट’ असं मोठ्या अक्षरात झळकतं आणि व्हिडिओ संपतो. उरलेल्या दहा टक्क्यांचा व्हिडिओ कुणी केलाय का? शंभराच्या मशीनमध्ये त्यांच्याच हिशेबाने दर तीन आठवड्यांनी दहा नासकी अंडी एका घरात तयार होणार. गावात वीस मशीन असतील तर दोनशे. ती कुठे जाणार, हा प्रश्न मशीन विकणाऱ्याचा नाही, शिकवणाऱ्याचा नाही, ग्रामपंचायतीचा नाही. मग कुणाचा? बाईचा. झाडू तिच्याच हातात असतो म्हणून.

विलायतेत २००१ साली लाळ्या-खुरकुताची मोठी साथ आली आणि त्यानंतर तिथे उष्टं-खरकटं जनावरांना चारणं कडक नियमांत बसवलं. आज तिथे घरच्या स्वयंपाकघरातून गेलेली उरलीसुरली चीज परसातल्या चार कोंबड्यांनाही घालायला कायद्याने बंदी आहे. आपल्याकडे तसला कायदा करा असं मी म्हणणार नाही. शिळ्या भाकरीवर कोंबडी जगते त्या गावात असला कायदा म्हणजे चेष्टा होईल. पण कायदा नको म्हणजे एक वाक्यही नको, असं थोडंच आहे?

माझी मागणी अगदी स्वस्तातली आहे. मशीनबरोबर जो कागद देता त्यावर मराठीत पाच ओळी छापा. सातव्या दिवशी उजेडात बघा. कोरं तेवढं बाजूला काढा. पंधरा मिनिटं उकळा आणि ठेचून घाला. बाकीचं चुना टाकून पुरा. पिलं किंवा कोंबड्या मरायला लागल्या तर एक तरी मेलेली पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. प्रशिक्षणाच्या दोन दिवसांतला अर्धा तास यासाठी ठेवा आणि सभागृहात दिवे बंद करून बायकांच्या हातात अंडं आणि बॅटरी द्या. आपल्याकडे पशुवैद्यकाची महाविद्यालयं परभणीला आहेत, उदगीरला आहेत. ज्ञान दूर नाही. ते पुस्तकातून खुराड्यापर्यंत आणायचा कंटाळा तेवढा दूर करायचा आहे.

कोरी अंडी वेगळी काढायची सवय लागली की आणखी एक फायदा होतो, तोही सांगून टाकतो. ढीग बोलायला लागतो. कोरी जास्त निघाली तर कोंबड्याकडे बघा. आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा आहे का, तो म्हातारा झालाय का, अंडी फार दिवस साठवली का. रक्ताची कडी जास्त निघाली तर मशीनचं तापमान बघा, लाइट किती वेळ जाते ते बघा. शेवटच्या दिवसांत मेलेली जास्त निघाली तर मशीनमधलं पाणी, हवा आणि कळपाचा आजार बघा. न बघता नालीत टाकलेलं अंडं काहीच सांगत नाही, आणि पुढच्या खेपेला आपण तीच पंचवीस पुन्हा वाया घालवतो.

असो. एवढं लिहिल्यावरही काही जण म्हणतील, “आमच्याकडे काय होत नसतंय.” त्यांना माझं एकच सांगणं आहे. एक वही घ्या. किती अंडी बसवली, किती फुटली, किती पिलं महिनाभर जगली, एवढं सहा महिने लिहा. मग वही घेऊन या, आपण बसून बोलू. वही न ठेवता ‘काही होत नाही’ म्हणणाऱ्याशी वाद घालायला मला आता वेळ नाही. वहीत काही झालेलं दिसलं नाही तर मी तुमच्या घरी येऊन चहा पिईन आणि हे सगळं परत घेईन.